कुठेच न नेणारी पायरी

मी एक जुनी लाकडी पायरी आहे. पायरी म्हटलं की तुम्ही लगेच विचाराल, कुठल्या देवळाची, कुठल्या माडीची, कुठल्या घाटाची? मित्रांनो, मी यातल्या कशाचीच नव्हते. माझ्या वर दुसरी पायरी नव्हती आणि खाली फक्त सिमेंटची ओली फरशी होती. माणसं माझ्यावर चढायची आणि लगेच उतरायची. पुन्हा चढायची, पुन्हा उतरायची. चढून चढून त्यांच्या पोटऱ्यांचे दगड व्हायचे, पण माणूस बघावा तर जिथल्या तिथं. उभ्या जन्मात माझ्यावर चढून कोणी कुठे पोचलं नाही. एकच जण पोचला, आणि तो जिथे पोचला तिथून परत आला नाही. त्याचीच गोष्ट सांगायला मी आज बोलते आहे.

माझा जन्म निलगिरीचा. दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणींभोवती उजाड माळ आहे, त्यावर खाणवाल्यांनी निलगिरीची रांगच रांग लावली होती. आम्ही सरळ वाढलो, कारण आम्हाला सरळच वाढायचं होतं. माझी भावंडं उभीच्या उभी खाणीत गेली, खडकाला टेकू द्यायला. काळोखात उभं राहून डोंगर डोक्यावर धरायचा, हे त्यांचं नशीब. मी बुंध्याजवळचा उरलेला तुकडा. सुताराने मला रंधा मारला, हाताने थोपटलं आणि म्हणाला, "ही बुटकी. थोराड अंगाच्या गड्यांना." माझ्या शेजारणी उंच होत्या. हलक्या माणसाने उंच पायरी चढायची, भारी माणसाने बुटकी, म्हणजे मेहनत दोघांना सारखी पडते. मला तेव्हा वाटलं होतं, आपण एखाद्या घराच्या दाराशी बसणार. लाकडालाही आशा असते.

मला नेऊन ठेवलं ते एका कोंदट खोलीत. त्या खोलीला सगळे 'चूल' म्हणायचे.

सोनं तिथे जमिनीच्या पोटात फार खोल आहे. इतकं खोल, की खडकच तापलेला असतो. धूळ बसावी म्हणून त्यावर सतत पाणी मारतात, त्यामुळे हवा ओलीचिंब असते. अंगाला घाम येतो पण तो वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंगाला गारवा देत नाही. अशा जागी थंड मुलखातला माणूस एकदम उतरवला तर तो हातातल्या फावड्यासकट कोसळतो. असे पुष्कळ कोसळल्यावर कोणाला तरी शहाणपण सुचलं. वर, उजेडात, ही खोली बांधली. तिच्यात वाफ सोडायची, दारं लावून घ्यायची आणि नव्या माणसांना आमच्यावर चढवायचं, उतरवायचं. खालची आग आधी वर चाखवायची, घोटाघोटाने.

शाळेत मुलं येतात ना, तशी तिथे शरीरं शिकायला यायची. पहिल्या दिवशी माणसाची छाती धाडधाड उडायची. तो ठोका टाचेतून माझ्यापर्यंत पोचायचा. घाम उशिरा फुटायचा, आणि फुटला की नुसता खारट. माझ्या अंगावर त्याचे पांढरे डाग पडायचे. माणसं ओकायची, भिंत धरायची, आईला हाका मारायची. पण दिवस जात तसं शरीर धडा गिरवायचं. छातीचा घोडा चालीवर यायचा. घाम लवकर यायचा, भरभरून यायचा आणि पातळ यायचा, कारण शरीर आपलं मीठ राखायला शिकलेलं असायचं. कोणाला आठवडा लागे, कोणाला त्याहून जास्त. तो अळणी थेंब माझ्यावर पडला की मी मनात म्हणायचे, शिकलास रे बाबा, आता जा.

आणि शरीर शिकतं तसं विसरतंही. सुट्टीवर गावी जाऊन, थंडीत चार-सहा आठवडे राहून आलेला जुना गडीसुद्धा पुन्हा चुलीत यायचा. त्यातला एक सेलो. काटकुळा, जिभेला हाड नसलेला. माझ्या शेजारच्या उंच पायरीवर उभा राहून तो कुरकुरायचा, "इतकी वर्षं खाली काढली मी. आता परत बालवाडीत?"

"तुला आठवतंय रे सगळं," कोपऱ्यातून उत्तर यायचं, "तुझ्या कातडीला आठवत नाही. चढ!"

हे उत्तर देणारा माणूस म्हणजे लेबोना. सगळे त्याला 'न्ताते' म्हणायचे, तुम्ही 'बाबा' म्हणता तसं. तो लेसोथोच्या डोंगरातला. कोपऱ्यात तेलाचा रिकामा डबा पालथा घालून तो त्यावर काठीने ठेका धरायचा. धम्म, चढ. धम्म, उतर. त्याच्या पायाशी गार पाण्याची बादली आणि पत्र्याचा मग. पाणी पाजायचं कामही त्याचंच. ठेका धरता धरता तो गायचा आणि वाफेतले उघडे गडी त्याच्यामागे म्हणायचे,

चढतो नि उतरतो, डोंगर सरंना,
पाऊल चाले किती, घर काही येईना.

मित्रांनो, त्या खोलीत दुःखाला तेवढाच एक कपडा होता.

एके दिवशी दार उघडलं आणि नव्या माणसांच्या रांगेत एक थोराड पोरगा आत आला. आडव्या हाडाचा, मोठ्या हसऱ्या तोंडाचा. लेबोनाची काठी ठेका चुकली. तो त्याच्या थोरल्या बहिणीचा मुलगा होता, मोहापी.

"मामा," तो म्हणाला, "तू म्हणायचास खाणीत सोनं असतं. इथं तर नागडी माणसं आहेत."

चूल हसली. लेबोनाही हसला. पण नंतर त्याला माझ्यावर उभं करताना त्याने हळूच विचारलं, "आक्का कशी आहे?"

"आई बरी आहे. मेंढ्या गेल्या, मामा. औंदाचं बर्फ लवकर पडलं. रात्रीत सगळा कळप गारठला. सकाळी आई एकेकीला नावानं उठवत होती."

"आणि सूनबाई?"

"पोटुशी आहे." एवढं बोलून तो खाली बघत चढू लागला.

त्या घरात दुसरा कर्ता नव्हता. त्याचा बाप अशाच एका खाणीतून खोकला घेऊन आला होता आणि खोकल्यासकट मातीत गेला होता. लेबोनाने स्वतः बहिणीला शब्द दिला होता, पाठव पोराला, मी आहे तिथे.

मोहापी सगळ्यांचा लाडका झाला. चढता-उतरता तो मेंढ्यांच्या नकला करायचा. पण त्याचं शरीर मठ्ठ विद्यार्थी होतं. बाकीच्यांचे थेंब अळणी होत चालले आणि त्याचे अजून पहिल्या दिवसासारखे खारट. बाकीच्यांच्या टाचा शांत झाल्या, याच्या टाचेतून घोडा उधळलेला.

सकाळच्या मध्यावर दवाखान्याचा माणूस यायचा. ठेका थांबायचा. तो प्रत्येकाच्या जिभेखाली थर्मामीटर धरायचा. ज्याचं अंग जास्त तापलेलं निघेल त्याच्या मनगटाला लाल फडकं बांधायचा. लाल फडकंवाल्याने बसायचं, पाणी प्यायचं आणि ते फडकं सुटेपर्यंत रोज चुलीत यायचं. फारच दिवस सुटलं नाही तर सकाळच्या मोटारीने परत घरी. मोहापीचं फडकं सुटेना.

"लोणी!" सेलो ओरडायचा. "अरे, डोंगरातलं लोणी आहे हे. बाजूला ठेवा, वितळेल."

"वितळू दे," मोहापी म्हणायचा. "तू सुकलेलं हाड, तुला काय वितळायचं?"

हसायचा, पण बसल्यावर दोन्ही हातांनी तोंड पुसत बराच वेळ खाली बघायचा. मोटारीने परत गेलेली माणसं त्याने गावात पाहिली होती. ती घोंगडी डोक्यावरून घेऊन येतात, आणि झऱ्यावरच्या पोरी त्यांच्यावर टवाळीची गाणी रचतात.

मग तो दिवस आला. येत्या सोमवारी लेबोनाच्या गावची टोळी खाली उतरणार होती. सेलोचं फडकं सुटलेलं, बाकी गावकऱ्यांचं सुटलेलं. राहिला एकटा मोहापी. वाफ अजून भरत होती, माणसं यायची होती. मामा-भाचे दोघेच माझ्यापाशी बसले होते.

"मामा, अजून थोडे दिवस लागतील मला," मोहापी म्हणाला. "माझं अंग हळू शिकतं. चालायलाही मी उशिराच शिकलो, आई सांगते."

"तोवर टोळी भरते रे."

"दुसऱ्या टोळीत जाईन."

"परक्यांच्या?" लेबोनाचा आवाज चढला. "खाली काळोख असतो, पोरा. काळोखात परका माणूस आधी स्वतःला बघतो. गावची माणसं असली की कोणीतरी तुझं नाव घेऊन हाक मारतं. तुझ्या बापाच्या टोळीत गावचं कोणी नव्हतं, त्याचा खोकला कोणी मनावर घेतला नाही. मी आक्काला काय तोंड दाखवू?"

 लेबोनाने बादलीत मग बुडवला, मोहापीच्या हाती दिला आणि इकडेतिकडे पाहिलं.

"दवाखान्याचा माणूस यायच्या आधी तुला पाणी देईन. गिळू नको. गालात धर. जिभेखाली खेळव. तो दाराशी आला की हळूच सोड खाली. त्याच्या काचेच्या कांडीला गार तोंडच कळतं."

"हे चालतं?"

"आपल्याकडची किती जणं अशी सुटली. काही होत नाही. खाली गेल्यावर अंग आपसूक शिकतं."

मित्रांनो, ही युक्ती त्या खोलीत डोंगरातल्या माणसांनी एकमेकांना प्रेमाने दिली होती, शेजारी विरजण देतो तशी. काही जण तिच्यातून तरलेही होते. म्हणून तर ती टिकली.

सकाळ मध्यावर आली. मोहापीने घोट घेतला आणि गाल फुगवून चढत-उतरत राहिला. दार वाजलं. त्याने मान खाली घातली आणि पाणी सोडलं. ते माझ्यावर सांडलं. गार, झऱ्यासारखं गार. आणि लगेच त्यावर त्याच्या टाचा पडल्या, चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारख्या.

एकाच माणसाचं तोंड हिवाळ्यात होतं आणि पाय वणव्यात.

मला तोंड नाही. लाकूड फार तर करकरतं. मी करकरले. त्याच्या वजनाखाली जेवढं जमेल तेवढ्याने करकरले. थर्मामीटरवाल्याने कांडी बघितली, मान डोलावली आणि पुढे निघून गेला. मोहापीच्या मनगटाचं लाल फडकं सुटून माझ्यापाशी पडलं आणि सगळ्या चुलीने आरोळी ठोकली, "लोणी गोठलं रे, गोठलं!" सेलोने त्याला मिठी मारली. मी पुन्हा करकरले. तेव्हा लेबोना माझ्याकडे वळला.

"पायरी ढिली झाली वाटतं," तो म्हणाला, आणि हातोडी आणून त्याने माझ्यात एक खिळा ठोकला.

मी गप्प झाले. तो खिळा अजून माझ्यात आहे.

सोमवारी चुलीत नवी माणसं होती. माझ्यावर कोणी दुसराच थोराड गडी चढत होता. लेबोना ठेका धरत होता, पण गात नव्हता. त्याचे कान दाराकडे होते. दुपार कलायला आली तेव्हा दार उघडलं आणि वाफेतून सेलो आत आला. अंगावर खालचा चिखल तसाच, हातात टोपी. सेलो कधी गप्प असलेला आम्ही पाहिला नव्हता. तो येऊन माझ्यावर बसला, जणू पाय पुढे जाईनात.

लेबोनाने काठी खाली ठेवली. "बोल."

"सकाळी बरा होता, न्ताते. माझ्या पुढंच बसून फावडं मारत होता. मी म्हटलं, लोण्या, दमानं घे. म्हणाला, गावात सांग, लोण्यानं डोंगर खाल्ला."

"पुढे?"

"पुढे म्हणाला, माझी घोंगडी द्या, बर्फ पडतंय. आम्ही हसलो. तो कसा गमत्या, तुला माहितीय. मग मेंढ्यांना हाका मारायला लागला. एकेकीला नावानं. मेंढ्या आत घ्या, आत घ्या, आभाळ आलंय." सेलोने टोपी तोंडावर धरली. "आम्हीही हाका मारल्या, न्ताते. मजेत. मी मेंढीसारखा ओरडलो. तो माझ्याकडे वळून बघायला लागला. खरंच बघत होता, मेंढी कुठंय म्हणून."

लेबोनाने बादली पायाने बाजूला सारली.

"मग उठायला गेला. तिथं उभं राहायला जागा नाही. डोकं आपटलं आणि आडवा झाला. अंगाला हात लावला, तर कणीस भाजलं असतं त्यावर. आम्ही उचलून वाऱ्याच्या वाटेला आणलं, पाणी ओतलं, टोपीनं वारा घातला. वर आणेपर्यंत…" त्याने टोपी खाली ठेवली. मग म्हणाला, "परके असते ना, तर घाबरले असते. लगेच ओढला असता बाहेर. आम्ही गावचे होतो. सगळे गावचे. म्हणून हसलो."

चुलीत वाफ सोडणारा नळ तेवढा सुसकारत होता. ठेका थांबला होता तरी सवयीने काही माणसं अजून चढत-उतरतच होती.

सेलो गेला. माणसं गेली. लेबोना माझ्यापाशी येऊन बसला आणि त्याने आपला तळहात माझ्यावर ठेवला, जिथे मोहापीच्या टाचा पडायच्या तिथे. मी तोपर्यंत निवले होते.

दुसऱ्या दिवशी ठेका पुन्हा सुरू झाला. खाणीला थांबणं माहीत नसतं. थर्मामीटरची वेळ झाली तसा एक नवखा, त्यांच्याच डोंगरातला, डोळा मिचकावून मगाकडे बघत म्हणाला, "न्ताते, गावाकडचा घोट द्या ना जरा."

लेबोना उठला. पत्र्याचा मग भरून त्याच्या ओठाला लावला. "पी."

त्याने गाल फुगवले.

"गिळ!" लेबोना असा ओरडला की सगळी चूल थबकली. "माझ्यासमोर गिळ! तोंड उघड, दाखव मला!" पोराने घाबरून गिळलं. लेबोनाने त्याच्या उघड्या पाठीवर तळहात दाबून धरला आणि कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. मग स्वतःच त्याच्या मनगटाला लाल फडकं बांधलं. "बस खाली. उद्या ये. परवा ये. महिनाभर येत राहा. तोंड खोटं बोलतं रे, पाठ बोलत नाही."

त्या दिवसापासून त्याच्या चुलीतून एकही माणूस गालात पाणी धरून सुटला नाही. लोक त्याला पाठीमागे खवीस म्हणू लागले. त्याने आपला राग कोणाला समजावून सांगितला नाही.

वर्षं गेली. खाली गार हवा सोडायची यंत्रं आली, माणसांची तब्येत तपासायच्या दुसऱ्या रीती आल्या, आणि चूल एक दिवस विझली. आम्हा पायऱ्यांचा आवारात ढीग घातला. ज्यांच्यावरून इतकी माणसं जिवंत राहायला शिकली, त्यांना कोणी विचारलं नाही. माझ्या शेजारणी थंडीत एकेक करून शेकोटीत गेल्या. माझ्याही एका कडेला वाळवी लागली. त्याच सुमाराला लेबोना कायमचा घरी निघाला. तो ढिगापाशी आला, पायऱ्या उलटून-पालटून बघू लागला, आणि खिळ्यावर बोट लागताच थांबला.

मोटारीच्या टपावर बांधून त्याने मला डोंगरात आणलं. थंड वारा असतो म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

मामोहापी, म्हणजे मोहापीची आई, दारात उभी होती. तिथे बाईला तिच्या थोरल्या मुलाच्या नावानेच हाक मारतात, आणि मुलगा गेला म्हणून नाव जात नाही. तिच्या घोंगडीआडून एक मुलगी डोकावत होती, मोहापीची; सून कामासाठी दूर गेलेली. बाप गेल्यावर जन्मली म्हणून तिचं नाव मात्सेलिसो ठेवलं होतं. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ सांत्वन.

"हे काय आणलंस लेबोना? जळण?"

"नाही आक्का. मोहापी यावर चढायचा."

ती माझ्याकडे बघत राहिली. "कुठं जायला?"

"कुठंच नाही."

लेबोनाने तोंड उघडलं. त्याला काहीतरी सांगायचं होतं, मला ठाऊक आहे काय. पण त्याचे गाल हलले आणि ओठ मिटले, जणू पाण्याचा घोट धरून ठेवला होता. इतकी वर्षं त्याने तो धरलाच होता.

त्याने मला तिच्या उंबऱ्यापाशी बसवलं. शेवटी मला दार मिळालं. पण मामोहापीने माझ्यावर कधी पाय ठेवला नाही. येता-जाता ती मला ओलांडायची. संध्याकाळी दळण करताना मात्र माझ्याकडे बघून गुणगुणायची,

डोंगराचा वारा माझा गेला सोन्याच्या गावाला,
कोणी नाही विचारलं, ऊन लागलं का वाऱ्याला.

लेबोना बाहेर बसून ते ऐकायचा आणि उठून लांब निघून जायचा.

मग एक उन्हाळा आला, डोंगराला न शोभणारा. वारा पडला, झरा बारीक झाला, खडक दुपारी डोळ्याला खुपायला लागले. मात्सेलिसो तेव्हा शेळ्या-मेंढ्यांमागे जाण्याएवढी झाली होती. त्या दुपारी ती धावतच आली आणि धपकन माझ्यावर बसली. तोंड लाल, केस कोरडे.

"आजोबा, शेळ्या उडतायत तिकडं," ती म्हणाली आणि खुदकन हसली.

आतून आजी हसली. "काय ही कार्टी बोलते!"

लेबोना हसला नाही. त्याचा चेहरा असा झाला, की चुलीतला तो सोमवार मला पुन्हा दिसला. त्याने झेप घेतली, तिला उचलून घराच्या सावलीत आडवं केलं, तिच्या पाठीवर तळहात दाबला. रांजणातलं पाणी आणून तिच्या अंगावर ओतलं, टोकदार गवती टोपी काढून वारा घालत राहिला. शेजारणी धावल्या. कोणी ओली घोंगडी आणली. बऱ्याच वेळाने मात्सेलिसोने डोळे नीट उघडले आणि शेळ्यांबद्दल काही न बोलता पाणी मागितलं. त्याने पाण्याचा मग तिच्या ओठाला लावला.

"गिळ," तो म्हणाला. "गालात धरू नको. गिळ, माझी बाई." आणि तो रडायला लागला.

पोरीने घोट घेतला. "गालात कोण धरतं पाणी, आजोबा?"

मामोहापी दारात उभी होती. लेबोनाने तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांचा घोट त्याने तेव्हा सांडला. पत्र्याचा मग, बादली, थर्मामीटर, सोमवार, सगळं सांगितलं. मध्ये एकदाही न थांबता. माझ्यात खिळा का ठोकला, हेसुद्धा सांगितलं.

ती ऐकत राहिली. ऐकून झाल्यावर तिने पाऊल उचललं आणि माझ्यावर ठेवलं. पहिल्यांदाच. मला तिचं सगळं वजन कळलं. ती उतरली, भावाच्या जवळून गेली पण थांबली नाही, आणि घागर घेऊन झऱ्याच्या वाटेला लागली. ऊन तसंच होतं. लेबोना गुडघ्यात मान घालून बसला. वाटलं, ती आज त्याच्याकडे पुन्हा बघायची नाही. शेजारणीही एकेक करून निघून गेल्या.

ती आली तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. तिने पाण्याचा मग भरला, आधी नातीला पाजला. मग पुन्हा भरून भावासमोर धरला. त्याने वर पाहिलं नाही.

"गिळ," ती म्हणाली.

एवढंच. क्षमा केली की नाही, ते मला सांगता येणार नाही. मी लाकूड आहे, मला फक्त पावलं कळतात. ती आत जाताना माझ्यावर पाय ठेवूनच गेली.

मित्रांनो, माझी एक कड वाळवीने खाल्ली आहे, मी फार दिवसांची सोबतीण नाही. जाता जाता एवढंच मागते. तुमच्याकडेही ऊन तापतं आणि दरवर्षी जरा जास्तच तापतं. शरीर उन्हाला सरावतं, पण ते आपल्या चालीने शिकतं. त्याला दिवस द्या, सावली द्या, पाणी द्या. कोणाचं हळू शिकत असेल तर त्याला लोणी म्हणून चिडवू नका आणि प्रेमापोटीही त्याला पुढे ढकलू नका. आणि भर उन्हात तुमचा सोबती एकाएकी वेडंवाकडं बोलू लागला, नसलेल्या मेंढ्यांना हाका मारू लागला, त्याला नसलेलं बर्फ दिसू लागलं, तर तो कितीही गमत्या असो, तुमच्या कितीही जवळचा असो, हसू नका. आधी त्याला सावलीत ओढा, अंगावर पाणी ओता, मोठ्यांना हाक मारा.

हसायचं राहिलं तर नंतर हसता येतं. मोहापीला त्या दिवशी जे हसले, त्यांना ते अजून जमलेलं नाही.